राहून गेलेलं 'रणांगण'

(समितीच्या 'मला भावलेलं पुस्तक' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सांस्कृतिक विभागाने मला बोलायला सांगितलं तेव्हा त्यांची अपेक्षा बहुधा पु. लं.ची किंवा 'मृत्युंजय'ची असावी. ती पुस्तकं मलाही प्रिय आहेत. पण आज मी अशा एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे, जे माझ्या कपाटात तेहेतीस वर्षं होतं आणि वाचायचं राहिलं होतं. विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरात असं एक तरी पुस्तक असणार. ते वाचायचं असतंच. टाकून द्यायचं कधी मनातही येत नाही. बदली झाली की ते खोक्यात जातं आणि नव्या क्वार्टरमध्ये पुन्हा कपाटात लागतं. १९८८ साली मी नोकरीसाठी दिल्लीला निघाले तेव्हा माझ्या मावशीने पुणे स्टेशनवर हे पुस्तक हातात ठेवलं. आर. के. पुरम, मग मयूर विहार, मग नोएडा, असा तीन घरांचा प्रवास त्याने माझ्याबरोबर केला. वाचून झालं २०२१ साली.

अशी पुस्तकं का राहतात, यावर मी थोडा विचार केला आहे. पहिलं कारण म्हणजे 'रणांगण' लहान आहे. जाड पुस्तकाचा एक दरारा असतो. 'श्रीमान योगी' वाचायची तर रजा काढावी लागते, झेलम एक्सप्रेसचा जाता-येताचा प्रवास तिच्यासाठी राखून ठेवावा लागतो. त्यामुळे ती वाचून होते! लहानसं पुस्तक मात्र 'काय, दोन बैठकांत होईल' म्हणून बाजूला पडतं, आणि त्या दोन बैठका काही येत नाहीत.

दुसरं कारण नाव. 'रणांगण' म्हटलं की डोळ्यांपुढे घोडे, तलवारी, हर हर महादेव! मी दिल्लीला, म्हणजे पानिपतच्या शेजारी चालले म्हणून मावशीने लढाईचं पुस्तक दिलं असावं, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. या कादंबरीत एकही लढाई नाही. आहे ती एक बोट, बोटीवरची माणसं आणि समुद्र.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. या पुस्तकाबद्दल जो भेटे तो म्हणे, "अहो, ती कादंबरी नव्हे, गद्यातलं काव्यच आहे." ही स्तुती खरी आहे, पण तिने वाचक दबकतो. काव्य म्हटलं की निवांतपणा हवा, मन ठिकाणावर हवं. सकाळी चार्टर्ड बस, संध्याकाळी मदर डेअरीचं दूध आणि मुलांचा गृहपाठ, रविवारी मंडळाची मीटिंग. यात मन ठिकाणावर कधी यायचं? म्हणून असं पुस्तक आपण 'पुढे कधीतरी'साठी ठेवतो. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर ठेवावी तसं.

माझा 'पुढे कधीतरी' आला तो मुलीच्या फोनमुळे. ती बंगळूरला असते. दिल्लीत वाढलेली, इथल्या शाळेत शिकलेली. घरात मराठी बोलते, वाचायची मात्र सवय इंग्रजीची. जेरी पिंटो यांनी 'रणांगण'चा 'बॅटलफील्ड' या नावाने इंग्रजी अनुवाद केला आहे, तो तिने वाचला. रात्री अकराला फोन. "आई, हे मूळ मराठीत आहे ना? आपल्या कपाटात आहे ना ते, निळ्या कागदात घातलेलं? मग मूळ पुस्तकात हे कसं लिहिलंय, मला वाचून दाखव ना." मी म्हटलं, "थांब, चार दिवस दे मला."

एरवी भाषेचा हा प्रवास वरून खाली असतो. आपण मुलांना ओढून कार्यक्रमाला आणतो, श्लोक पाठ करून घेतो. इथे मुलीने इंग्रजीच्या दारातून येऊन आईच्या कपाटाचं कुलूप वाजवलं. हे मला फार सुखावून गेलं. त्याच सुमाराला आमच्या ह्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि वाचायला बंदी होती. म्हणून मी ते पुस्तक मोठ्याने वाचायचं ठरवलं. रोज संध्याकाळी दहा-बारा पानं, चहानंतर. तेहेतीस वर्षं राहिलेलं पुस्तक दहा संध्याकाळींत वाचून झालं.

आता पुस्तकाकडे वळते. आधी लेखकाविषयी थोडं.

विश्राम बेडेकर अमरावतीचे. जन्म १९०६, मृत्यू १९९८. नाटक आणि सिनेमा हा त्यांचा व्यवसाय. १९३३ साली त्यांचं 'ब्रह्मकुमारी' हे संगीत नाटक रंगभूमीवर आलं. प्रभात कंपनीचा 'शेजारी' हा १९४१ सालचा चित्रपट त्यांनी लिहिला. दिल्लीकरांना जवळची खूण सांगायची तर १९६३ सालचा 'रुस्तुम सोहराब' हा सुरैय्याचा शेवटचा चित्रपट. त्याचे दिग्दर्शक हेच बेडेकर. 'टिळक आणि आगरकर' हे नाटक त्यांचंच. 'एक झाड आणि दोन पक्षी' या आत्मचरित्राला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 'कळ्यांचे निःश्वास'च्या विभावरी शिरूरकर, म्हणजे मालतीबाई बेडेकर, या त्यांच्या पत्नी. आयुष्यभर इतकं काही केलेल्या या माणसाने कादंबरी मात्र एकच लिहिली. ती म्हणजे 'रणांगण', साल १९३९.

चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी बेडेकर इंग्लंडला गेले होते. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ते बोटीने परतले. त्या प्रवासातून ही कादंबरी आली. नायक चक्रधर विध्वंस हा युरोपातून हिंदुस्थानात परत चाललेला तरुण. मनाने एकदा पोळलेला, म्हणून प्रेमाकडे जरा तुच्छतेने, खेळ म्हणून पाहणारा. त्याच बोटीवर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू आहेत. त्यांत हॅर्टा नावाची एक तरुणी आहे. या दोघांत काय घडतं, ती कादंबरी. बोट मुंबईला लागेल तेव्हा चक्रधर उतरणार. हॅर्टा त्याच बोटीने पुढे जाणार. एवढीच गोष्ट. पुढचं मी सांगणार नाही, ते तुम्ही वाचायचं आहे.

पण हॅर्टा 'पुढे' म्हणजे कुठे चालली होती, हे आजच्या वाचकाला माहीत हवं. त्याशिवाय त्या प्रेमकथेतली घालमेल नीट कळत नाही.

१९३८ सालच्या जुलैत फ्रान्समध्ये एव्हियान या गावी बत्तीस देशांचे प्रतिनिधी जमले होते. विषय होता, जर्मनी-ऑस्ट्रियातून बाहेर पडू पाहणाऱ्या ज्यूंना कोण जागा देणार? सहानुभूती सर्वांनी दाखवली, दार मात्र जवळजवळ कुणीच उघडलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून जर्मन ज्यूंच्या पासपोर्टावर लाल रंगात 'जे' हे अक्षर उमटू लागलं. नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत त्यांची दुकानं फुटली, प्रार्थनामंदिरं जळाली आणि हजारो पुरुष छळछावण्यांत डांबले गेले. देश सोडणाऱ्याला बरोबर नेता येत ते फक्त दहा मार्क. जगाच्या पाठीवर एकच मोठं बंदर असं उरलं होतं, जिथे त्यांना व्हिसा लागत नव्हता. ते म्हणजे चीनमधलं शांघाय. म्हणून इटलीतल्या बंदरांतून निघणाऱ्या बोटी सुएझ, मुंबई, कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग असं करत शांघायला जात आणि त्यांत हे लोक भरलेले असत. वीस हजारांच्या आसपास ज्यूंनी या ना त्या मार्गाने शांघाय गाठलं. वाटेत मुंबई दिसे. पण परवाना नसेल तर उतरायला मिळत नसे.

आता त्या बोटीची कल्पना करा. डेक एक, जेवणाची घंटा एक, समुद्र एक. काही प्रवासी घरी चालले आहेत, काही घरापासून दूर चालले आहेत, आणि काहींना घर नावाची गोष्टच उरलेली नाही. चक्रधर गुलाम देशाचा नागरिक. युरोपात त्याला रंगावरून कमी लेखणारे भेटतात. हॅर्टा गोरी, शिकलेली, युरोपातली. वरवर पाहिलं तर त्या काळच्या जगात तिचं पारडं जड. पण बोटीवर हिशेब उलटा होतो. त्याचा देश पारतंत्र्यात का असेना, पण आहे. मुंबईच्या धक्क्यावर त्याला कुणी अडवणार नाही. तिला मात्र जगातल्या कुठल्याच धक्क्यावर हक्काने पाय ठेवता येत नाही. मराठीत त्याआधी कुणी असा विषय धरला होता असं मला दिसत नाही.

आणि साल लक्षात घ्या. १९३९. त्या वेळी गॅसच्या कोठड्या व्हायच्या होत्या. अ‍ॅन फ्रँकची डायरी छापली गेली ती १९४७ साली. म्हणजे ज्यूंचं पुढे काय होणार हे जगाला कळण्याआधी एका अमरावतीकराने मराठीत त्यांच्याविषयी कादंबरी लिहून ठेवली होती. आज आपल्याला शेवट माहीत आहे. लिहिणाऱ्याला माहीत नव्हता. त्यामुळे पुस्तकातली साधी वाक्यंसुद्धा आज वाचताना जड होतात. बोटीवर कुणी नाचतं, कुणी हसतं, आणि आपला आवाज मध्येच थांबतो. आमच्या घरी वाचताना दोनदा असं झालं. "आज इथेच थांबूया," असं हेच म्हणाले.

काव्यात्म म्हणजे काय, हे मला या वाचनात कळलं. मी समजत होते की काव्यात्म म्हणजे चांदणं, उपमा आणि अलंकार. तसं काही नाही. ख्यालाची बंदिश दोन ओळींची असते. गवई तासभर तेच शब्द गातो आणि आपण 'पुढे काय झालं?' असं विचारत नाही. प्रत्येक वेळी तोच शब्द नवा लागतो. 'रणांगण'चं तसं आहे. घटना म्हणाल तर चार ओळींत सांगता येतील. पण ज्यांच्याकडे मोजकेच दिवस आहेत, त्यांच्या प्रत्येक संध्याकाळीला वजन असतं. त्यांना भविष्यावर बोलता येत नाही, भूतकाळावर बोलवत नाही. मग उरतो तो आत्ताचा क्षण, समोरचं पाणी, शेजारचा हात. लेखक तिथे रेंगाळतो, कारण त्या माणसांना दुसरीकडे जायला जागाच नाही. पुढची पानं भराभर उलटत गेलो तर हे हाती लागत नाही. म्हणून सांगते, हे पुस्तक एका बैठकीत संपवू नका, आणि जमलं तर मोठ्याने वाचा.

मुलीला मी फोनवर परिच्छेद वाचून दाखवले. तिने तिच्या प्रतीतलं इंग्रजी वाचायचं, मी मराठी. अनुवाद चांगला आहे, वाद नाही. पण काही गोष्टी मूळ भाषेतच राहतात. नायकाचं आडनाव 'विध्वंस'. मराठी माणसाला हे आडनावही वाटतं आणि शब्दही ऐकू येतो. येऊ घातलेल्या युद्धाची सावली त्या माणसाच्या नावातच पडली आहे. इंग्रजी वाचकाच्या कानाला ते फक्त एक नाव. दुसरं, इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मराठीत 'तू' म्हणायचं की 'तुम्ही', हे लेखकाला दर वेळी ठरवावं लागतं. परक्या भाषेत बोलणारी दोन माणसं मराठीत एकमेकांना काय म्हणतात, याकडे वाचताना लक्ष ठेवा. मी आणि मुलगी या एका मुद्द्यावर पाऊण तास बोललो. दिवाळीच्या फराळाचं काय करायचं, यावरही आमचं इतका वेळ बोलणं होत नाही!

आता मला जे मुख्य सांगायचं आहे त्याकडे येते.

आमच्या नोएडाच्या घराशेजारी एक बीजी राहत असत. आता त्या नाहीत. लायलपूरच्या. १९४७ साली नऊ वर्षांच्या असताना आई आणि दोन भावंडांबरोबर रेल्वेने दिल्लीला आल्या आणि किंग्जवे कॅम्पमध्ये वाढल्या. माझ्या वाचनाचा आवाज गच्चीतून त्यांना ऐकू जाई. एकदा त्यांनी विचारलं, "बेटा, रोज कौन सी कथा पढ़ती हो?" त्यांना वाटलं पोथी असेल. मी हिंदीत गोष्ट सांगितली. त्यांनी प्रेमाबद्दल काही विचारलं नाही. त्यांचा प्रश्न वेगळाच होता.

"वो तो ठीक है, पर उस लड़की को उतरना कहाँ था?"

मी म्हटलं, "शांघाय."

"वहाँ उसका कौन था?"

"कोई नहीं."

बीजी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "दिल्ली में हमारा भी कोई नहीं था. पर गाड़ी रुकी, तो उतरने दिया."

मित्रहो, या कादंबरीवर लिहिलेलं बरंच काही मी नंतर वाचलं. पण बीजींच्या या एका वाक्याने ती मला जितकी उलगडली तितकी दुसऱ्या कशाने नाही.

आपण ज्या शहरात राहतो ते उतरू दिलेल्या माणसांचं शहर आहे. १९५१ च्या जनगणनेत दिल्लीत पाच लाखांच्या आसपास निर्वासित नोंदले गेले. लाजपतनगर, राजिंदरनगर, पटेलनगर या वसाहती त्यांच्यासाठी वसल्या. चित्तरंजन पार्क पूर्वी 'ईपीडीपी कॉलनी' म्हणून ओळखली जाई, पूर्व पाकिस्तानातून विस्थापित झालेल्यांची वसाहत. फरीदाबादचं एनआयटी उभं राहिलं ते वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्यांसाठी. मजनू का टीला इथे तिबेटी आहेत. लाजपतनगरच्या गल्लीत अफगाणी नानाच्या भट्ट्या आहेत. यातल्या कित्येकांच्या दुकानांतून आपण किराणा, कापड, औषधं घेत आलो. त्यांच्या घरी भाड्याने राहिलो. त्यांच्या बोटीची गोष्ट मात्र आपण क्वचितच विचारली.

आणि याच शहरात, हुमायून रोडवर, खान मार्केटपासून जवळच, ज्यूंचं एक लहानसं प्रार्थनामंदिर आहे. जुदाह हयाम हॉल, १९५६ साली उभारलेलं. अनेक दशकं त्याची धुरा सांभाळली ती इझिकेल मळेकर यांनी. ते बेने इस्रायली, म्हणजे मूळच्या कोकणातल्या, मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले. या समाजाची परंपरा सांगते, की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांची बोट अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटली. जे वाचले ते तिथेच राहिले, तेल गाळू लागले, मराठी बोलू लागले, गावावरून आडनावं लावू लागले. कुणी त्यांना परत समुद्रात लोटलं नाही. आणि १९३९ मध्ये त्याच कोकणच्या किनाऱ्यासमोरून त्यांच्याच धर्माच्या माणसांनी भरलेल्या बोटी जात होत्या. ज्यांची बोट फुटली त्यांना जमीन मिळाली, आणि ज्यांची बोट शाबूत होती त्यांना मिळाली नाही.

थोड्यांना मुंबईत उतरता आलं. त्यांतले एक वॉल्टर कॉफमन. ते १९३४ मध्येच आले होते. आकाशवाणीची पहाटे वाजणारी धून त्यांनी बांधली असं मानलं जातं. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाच्या बालपणीची सकाळ त्या धुनेने उजाडली आहे. उतरू दिलेला माणूस यजमानाला काय देऊन जातो, त्याचा हिशेब कुणी मांडावा?

मग आपण, दिल्लीतली मराठी माणसं, या बोटीवर कोण?

आपल्या मंडळांत 'आपण परमुलखात आलो' असं पुष्कळदा बोललं जातं. पहिली दोन-चार वर्षं सगळ्यांनाच परकं वाटतं. थंडी सोसत नाही, बोली कळत नाही, कढीपत्ता मिळत नाही. या स्मरणिकेच्या पानांतूनही त्या आठवणी येत असतात आणि त्या गोडच असतात. पण 'रणांगण' वाचल्यावर मला वाटलं, आपण आपल्या परकेपणाकडे जरा मोजून पाहावं. आपण आलो ते नेमणुकीचं पत्र घेऊन. खिशात परतीचं तिकीट होतं, नाहीतर काढण्याइतके पैसे तरी होते. गावी घर होतं, घरात वाट पाहणारं माणूस होतं. या बोटीवर आपण चक्रधर आहोत, हॅर्टा नाही. आणि 'घर असलेल्या माणसाने बिनघराच्या सहप्रवाशाचं काय देणं लागतं?' हा कादंबरीतला प्रश्न म्हणूनच आपल्यासाठी आहे. बेडेकर त्याचं उत्तर देत नाहीत. चक्रधरलाही ते वेळेवर सापडत नाही. मुंबईचा धक्का जवळ येत जातो आणि प्रश्न तसाच राहतो.

आपल्या सोसायटीच्या फाटकावरचा पहारेकरी कुठल्या गावचा आहे? घरी कामाला येणाऱ्या ताईंना सणाला गावी जाता येतं का? त्यांना परतायला घर आहे का? हे प्रश्न विचारायला कादंबरी लागत नाही, हे खरं. पण मला ते सुचायला ती लागली. चांगल्या पुस्तकाने आपल्या सवयीच्या नजरेला थोडा धक्का द्यावा, एवढीच माझी अपेक्षा असते. या पुस्तकाने तो दिला.

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. इतकं छान पुस्तक आधीच वाचायला हवं होतं, नाही का? मला तसं वाटत नाही. चोविसाव्या वर्षी मी ते प्रेमकथा म्हणून वाचलं असतं, दोन रात्री रडले असते आणि मैत्रिणीला दिलं असतं. सत्तावन्नाव्या वर्षी वाचलं तेव्हा दिल्लीची तेहेतीस वर्षं पाठीशी होती, बीजी शेजारी होत्या, फोनवर मुलगी होती. काही पुस्तकं आपल्याला लगेच भेटतात, काही आपण तयार होईपर्यंत फळीवर बसून राहतात. मात्र त्यासाठी ती फळीवर असावी लागतात! म्हणून माझी तुम्हाला हात जोडून विनंती आहे. निवृत्तीनंतर घर लहान होतं, मुलं म्हणतात जागा अडते, आणि रद्दीवाला मराठी पुस्तकं किलोवर घेतो. द्यायच्या आधी चाळून पाहा. आपल्या मुलांना ती नको आहेत, असं आपणच ठरवून टाकू नये. ती कुठल्या दाराने परत येतील, सांगता येत नाही.

१९५४ साली दिल्लीत मराठी साहित्य संमेलन झालं, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी अध्यक्ष होते. त्यानंतर थेट २०२५ च्या फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियममध्ये, ताराबाई भवाळकरांच्या अध्यक्षतेखाली. मधे एकाहत्तर वर्षं गेली. पुढचं संमेलन दिल्लीत कधी होईल ते होवो. तोवर भाषा टिकवायचं काम आपल्या घरच्या संध्याकाळीच करणार आहेत.

म्हणून समितीपुढे एक छोटी सूचना ठेवते. उत्सवाच्या दहा दिवसांत रोज आरतीनंतर पंधरा मिनिटं एखादं पुस्तक मोठ्याने वाचावं. चतुर्थीला सुरू करावं, अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री संपवावं. 'रणांगण'सारखं पुस्तक त्यात सहज बसेल, पानं थोडी निवडून घ्यावी लागतील इतकंच. वाचणारे रोज वेगळे, त्यांत दोन तरी कॉलेजात जाणारी मुलं हवीत. अडखळली तरी चालेल. ज्यांना मराठी लिपी जड जाते त्यांनी इंग्रजी प्रत हातात धरून ऐकावं, आमच्या घरी ते छान जमलं आहे. आणि सोसायटीतल्या अमराठी शेजाऱ्यांनाही बोलवावं. गोष्ट हिंदीत दोन मिनिटांत सांगता येते. त्यांच्यातलं कुणी असा एखादा प्रश्न विचारेल, की आपल्यालाच ते पुस्तक नव्याने कळेल.

पहिल्या दिवसासाठी माझी प्रत मी समितीकडे देत आहे. निळं वेष्टण आहे, आत मावशीची सही आहे. पानं पिवळी पडली आहेत, जरा जपून उलटावी.

 

गणपती बाप्पा मोरया!